फिरकीचा तांब्या आणि राणीचा बाग

पहिल्यांदा गेलो तो बुधवार निघाला.

आईच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून, डोंबिवलीहून साडेदहाची जलद गाडी पकडून, भायखळ्याला पूर्वेला उतरून, "एवढ्याशा अंतराला टॅक्सी कशाला?" ही टॅक्सीवाल्याची कुरकुर ऐकून घेऊन आम्ही राणीच्या बागेच्या दारात उभे राहिलो, तर दाराला कुलूप. बाग बुधवारी बंद. बागेलगतचं संग्रहालयही बुधवारीच बंद. मी कपाळावर हात मारला. आई शांतपणे म्हणाली, "बुधवारी बंदच असतो राणीचा बाग. पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

यावर काय बोलणार? कोपऱ्यावर दोन कटिंग घेतले आणि घरी आलो. गाडीत मात्र मला तिचा तो पुल्लिंगी बाग ऐकू येत राहिला. राणी*चा* बाग. आमच्या चाळीत सगळे असंच म्हणायचे. शाळेत बाई "बाग ती बाग" म्हणून शिकवायच्या, आणि मी निबंधात "आम्ही राणीच्या बागेत गेलो" असं लिहून ती कटकट टाळायचो, कारण 'राणीच्या' म्हटलं की दोन्ही लिंगं गुण्यागोविंदाने नांदतात. आता पाटीवर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असं नाव आहे, माझ्या भाचीच्या तोंडी ते 'पेंग्विनवालं गार्डन' आहे, आणि टॅक्सीवाल्याला अजूनही 'राणीबाग' म्हटल्याशिवाय कळत नाही. एकाच जागेची किती नावं, आणि प्रत्येक नावावरून बोलणाऱ्याचं वय ओळखता येतं.

आईला तिथं कशासाठी जायचं होतं, ते मला आधी कळलंच नव्हतं. मला वाटलं, जुनी आठवण असेल. हत्ती, पाणघोडा, माकडं. तर म्हणाली, "जनावरं मी कुठे बघितलीत? ती तुम्ही बघितलीत. मला माझं झाड बघायचंय."

हे मला नवीन होतं.

आमचे बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, होते. रविवारी सुट्टी. महिन्यातल्या एखाद्या रविवारी, म्हणजे पगार होऊन फार दिवस झाले नसतील अशा, लालबागहून आम्ही चालत निघायचो. मी, ताई, धाकटा, बाबा, आई, आणि बहुतेक वेळा गावाहून आलेला कुणीतरी पाहुणा. कोकणातून मुंबईत आलेल्या माणसाला राणीचा बाग, म्हातारीचा बूट आणि तारापोरवाला मत्स्यालय दाखवल्याशिवाय एस.टी.त बसवायचं नाही, असा गिरणगावाचा अलिखित कायदा होता. आईच्या हातात पिशवी: चपात्या, बटाट्याची सुकी भाजी, एक जुनी चादर आणि पितळेचा फिरकीचा तांब्या. आत शिरलं की ती एका ठरलेल्या झाडाशी चादर पसरायची आणि म्हणायची, "तुम्ही या फिरून. मी आहे इथंच." मग आम्ही पिंजऱ्यामागून पिंजरा करत दोन तासांनी परत यायचो, आणि ती खरंच तिथंच असायची.

पन्नाशी ओलांडल्यावर, डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, मला पहिल्यांदा सुचलेला प्रश्न असा: ते दोन तास आई काय करत होती?

पुढच्या शनिवारी परत गेलो. या वेळी मी वार दोनदा तपासला होता.

आंबेडकर मार्गावर जो काही आवाज असतो, बस, ट्रक, हॉर्न, हातगाडीवाल्यांच्या आरोळ्या, तो दारातून पन्नास पावलं आत गेलं की विझत नाही, पण दुसऱ्याच्या घरातल्या रेडिओसारखा होतो. सावलीचं म्हणाल तर एप्रिलच्या उन्हातही तिथं डोळे मिटून घ्यायची गरज पडली नाही. आई दारातच थांबली आणि वर बघू लागली. मी समोर बघत होतो, नकाशाच्या पाटीकडे. लहानपणीही हेच व्हायचं बहुधा.

तर हा बाग मुळात झाडांचाच. ही गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि कळल्यावर थोडी लाजही वाटली. पश्चिम हिंदुस्थानच्या शेती आणि बागकामाला वाहिलेली एक सोसायटी होती, तिची शिवडीला वनस्पतींची बाग होती. त्या जागेवर दफनभूमी करायचं ठरलं आणि झाडांना भायखळ्यात नवं घर शोधावं लागलं. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ही नवी बाग खुली झाली. नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. तिकडे अमेरिकेत यादवी पेटलेली, तिथला कापूस अडकलेला, आणि इथल्या कापसाच्या जोरावर मुंबईत पैसा नुसता वाहत होता. अशा दिवसांत शहराला बागा, कारंजी, घड्याळाचे मनोरे सुचतात. १८७३ साली बाग नगरपालिकेकडे गेली. जनावरं आली ती त्यानंतर, १८९०च्या सुमारास, शेजारची जागा जोडून. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं ही फक्त झाडं बघायची जागा होती, आणि आम्ही गिरणगावची पोरं तिला जन्मभर 'झू' समजत आलो.

शेजारच्या संग्रहालयाचीही तीच कथा. १८७२ साली उघडलं ते 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट' म्हणून. १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव मिळालं, आणि मला वाटतं, या परिसरात झालेल्या सगळ्या नामांतरांत हे सर्वांत न्याय्य. कारण ते उभं राहावं म्हणून खटपट करणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट यांच्याबरोबर ते स्वतः होते. गोव्याच्या मांद्र्याचा मुलगा, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतला डॉक्टर, जुने शिलालेख वाचणारा, नाणी जमवणारा. कुष्ठरोगावर त्यांनी जे औषध वापरून पाहिलं तेही एका झाडाचंच होतं, कडू कवठीच्या बियांचं तेल. रुग्णाकडून शिलालेखाकडे आणि शिलालेखाकडून झाडाकडे जाणारी असली माणसं आता दिसत नाहीत. आता त्यासाठी तीन वेगळे विभाग असतात आणि त्यांचं आपसात पटत नाही.

आईला यातलं काही सांगायला गेलो तर म्हणाली, "बरं. आता हळू चाल."

संग्रहालयाच्या बाजूला दगडी हत्ती आहे. आम्ही लहानपणी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसू. जिवंत हत्तीच्या पाठीवर बसायला मिळत असताना दगडाच्या हत्तीला कोण विचारतो! हा हत्ती घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं ते याच्यावरून. १८६४ साली इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलायला यारी लावली, तिची साखळी तुटली आणि हत्ती खाली पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणून ठेवले, आणि १९१४ साली कुणीतरी चिकाटीने ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. जवळ गेलात तर सांधे दिसतात. मी एका सांध्यावरून बोट फिरवलं. एका बाजूचा दगड गुळगुळीत, दुसऱ्या बाजूचा खडबडीत, मध्ये भरलेला थर पावसापाण्याने काळपट झालेला. आई म्हणाली, "आपल्या तांब्याला झाळ लावून आणला होता ना, तसं दिसतंय." तांब्याला एकदा बुडाशी चीर गेली होती, ती बाबांनी लालबागच्या कासाराकडून बुजवून आणली होती. शंभरावर वर्षांच्या पुरातत्त्वाचं याहून थोडक्यात वर्णन मी वाचलेलं नाही.

तिथंच काळा घोडाही आहे. खरा. म्हणजे ज्याच्यामुळे फोर्टातल्या त्या चौकाला काळा घोडा म्हणतात तो, पाठीवर एडवर्ड राजपुत्र बसलेला. १८७९ साली सर अल्बर्ट ससून यांनी तो शहराला दिला, १९६५ साली तिथून हलवला आणि इथं आणून ठेवला. घोडा भायखळ्यात आणि नाव फोर्टात, असे पन्नासेक वर्षं दोघं वेगवेगळे राहिले, मग २०१७ साली तिकडे एक नवा घोडा बसवला, त्याच्यावर स्वार नाही. आणि फोर्टातली संगमरवरी व्हिक्टोरियाही शेवटी याच आवारात आली. हीच ती, जिला चापेकरांनी डांबर फासून जोड्यांची माळ घातली होती. एकंदरीत स्वातंत्र्यानंतर शहराला नकोशी झालेली गोरी मंडळी राणीच्या बागेत वस्तीला आली. मला यात एक समजूतदारपणा दिसतो. फोडून टाकलं नाही, डोक्यावरही घेतलं नाही, झाडाखाली नेऊन ठेवलं. आमच्या चाळीत जुनी कपाटं गॅलरीच्या टोकाला अशीच जायची.

मग झाड शोधायला निघालो.

खुणा तीन. एक, झाडाच्या खोडालाच फुलं यायची, फांदीला नाही. दोन, बसल्या जागेवरून घड्याळाचा मनोरा दिसायचा. आणि तीन, "एकदा धप्पकन फळ पडलं आणि असा वास सुटला, असा वास सुटला, की शेजारची मंडळी डबा झाकून उठली." पहिल्या आणि तिसऱ्या खुणेवरून झाड कुठलं ते मला कळलं होतं: कैलासपती. पण तोफगोळ्याएवढी फळं डोक्यावर पाडणाऱ्या झाडाखाली आई पोरांना घेऊन बसायची, हे कळल्यावर मी थांबून तिच्याकडे पाहिलं. "खाली कुठे? समोर," ती म्हणाली. "मला काय कळत नाही?"

वाटेत एक गोरखचिंच लागली. बुंधा असा की चार माणसांनी हात धरले तरी कवेत यायचा नाही, आणि साल हत्तीच्या पायासारखी घड्या पडलेली. मूळ आफ्रिकेची ही झाडं, पण नाव बघा कसं घरचं. पुढे कृष्णवड, त्याच्या पानाला देठाशी द्रोणासारखी खोबण असते, कृष्णाने चोरलेलं लोणी त्यात लपवलं म्हणतात. मी खाली पडलेलं एक पान उचलून आईला दिलं. तिने त्या खोबणीत करंगळी घालून पाहिली आणि पान पिशवीत टाकलं. ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी मात्र नेमकी बहरात नव्हती. आपल्याकडच्या लोकांनी परदेशी झाडांची जी बारशी केलीत, उर्वशी, कैलासपती, गोरखचिंच, त्यांच्यात मला इंग्रजांच्या त्या लॅटिन नावांपेक्षा जास्त अक्कल दिसते. लॅटिनमध्ये उर्वशीला एका गव्हर्नर जनरलच्या बायकोचं नाव आहे. आपण अप्सरेचं दिलं. झाडाला विचारलं तर ते काय म्हणेल ते उघड आहे.

या बागेत तीन हजारांहून जास्त झाडं आणि २८६ जाती आहेत, असं मोजदाद करणाऱ्यांनी नोंदवून ठेवलंय. ही मोजदाद कुणी केली ते सांगायला हवं. २००७ साली बागेचा कायापालट करून आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय करायचा शेकडो कोटींचा बेत पुढे आला. तेव्हा शहरातल्या काही बाया उठल्या, त्यांनी एकेका झाडाची नोंद केली, लोकांना हिंडवून ती दाखवली, आणि वारसा समितीपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळीकडे एकच गोष्ट सांगत राहिल्या, की ही वनस्पतींची बाग आहे. झाडाला नाव असलं की ते तोडणं थोडं अवघड जातं. बिननावाचं झाड म्हणजे नुसता अडथळा.

माझं स्वतःचं मत सांगायचं तर मी पिंजऱ्यांच्या बाजूचा नाही. लहानपणी पाहिलेले ते लोखंडी गज, त्यामागे दोन्ही टोकांना वळून वळून फेऱ्या मारणारा वाघ, तो मला आजही आठवतो, आणि आठवला की साच्यांच्या दोन रांगांमध्ये आठ तास येरझाऱ्या घालणारे बाबाही आठवतात. आता जुन्या पिंजऱ्यांच्या जागी मोठी आवारं आणि काचा आल्यात, ते बरंच झालं. पण जागा शेवटी तेवढीच. इकडे जनावराला ऐसपैस केलं की तिकडे झाडाला अंग चोरावं लागतं. हा हिशेब कुठल्याच पाटीवर लिहिलेला नसतो.

एका माळीकाकांना विचारलं. त्यांनी आईकडे पाहिलं, मग तिच्या गुडघ्यांकडे, आणि सगळ्यांत जवळचं कैलासपती दाखवलं. "ही झाडं बागेत आणखी आहेत, आजी. पण हे बरं पडेल."

खोड जमिनीपासून दोन पुरुष उंचीपर्यंत फुलांच्या लोंबत्या काड्यांनी वेढलेलं. एक ताजं फूल पायाशी पडलं होतं. मी उचलून आईच्या तळव्यावर ठेवलं. सहा जाड, मेणासारख्या पाकळ्या, बाहेरून पिवळट, आतून लालसर गुलाबी. मधोमध पुंकेसरांची दाट गादी, आणि तिच्याच एका कडेने वर उठून पुढे वाकलेला फणा. फण्याच्या सावलीत, नीट डोळे बारीक करून पाहिलं तर, एवढीशी पिंड. दक्षिण अमेरिकेच्या जंगलातलं हे झाड. तिथं कुणाला यात महादेव दिसला नसेल. वास गोड, दाट, आणि थोडा वेळ हुंगलं की डोक्यात चढणारा. आई म्हणाली, "हेच. हे मी पदरात बांधून न्यायचे. सोमवारी सकाळी देवाला."

"म्हणजे देव्हाऱ्यात ते फूल असायचं ते…"

"मग काय बाजारातलं? तिथं फुलाला पैसे पडतात."

मी घड्याळाचा मनोरा शोधला. तिथून दिसत नव्हता. मधे झाडं, झाडांमागे आणखी झाडं. "झाड हे नसेल," मी म्हटलं. "तुझं दुसरीकडे असेल, मनोऱ्याच्या बाजूला." आई बाकड्यावर टेकली. म्हणाली, "किंवा मधली झाडं वाढली असतील. चाळीस-बेचाळीस वर्षांत झाडं वाढतात."

बेचाळीस. मी मनात मोजलं. शेवटचं आम्ही सगळे इथं आलो ते संपाच्या आधी. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर बाबांना रोजच रविवार होता, पण बागेत जायला पगाराचा रविवार लागतो. त्या वर्षी गावाहून पाहुणेही आले नाहीत. उलट चाळीतली निम्मी बिऱ्हाडं गावाला गेली.

"घड्याळ कशाला बघायचीस तू?" मी विचारलं.

"पाचला निघालं म्हणजे दिवेलागणीला घरी. दुसऱ्या दिवशी तुझ्या बाबांची पहिली पाळी असायची, चारला उठायचं." मग थोडं थांबून, "आणि बरं वाटायचं. घड्याळ असून घाई नाही."

तिने पिशवीतून स्टीलचा डबा आणि तो तांब्या काढला. फिरकीचा, पितळेचा, बुडाशी झाळ. डोंबिवलीहून एवढं ओझं कशाला आणलंस असं विचारणार होतो, पण विचारलं नाही. फिरकी तिने पदर धरून सोडवली. पूर्वी ती बाबाच सोडवून द्यायचे आणि मग जायचे.

"जा तू," ती म्हणाली. "पेंग्विन बघून ये. सोसायटीत विचारतील. मी आहे इथंच."

मी गेलोही. सवयच तशी. दक्षिण कोरियातल्या सेऊलहून २०१६ साली हम्बोल्ट जातीचे आठ पेंग्विन इथं आणले, आणि मुंबईच्या दमट हवेत त्यांना सोळा-अठरा अंशांत ठेवायला काचेमागे थंडगार खोली बांधली. रांग मोठी होती. पुढे एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन उभे होते, मागे नवी सून आणि तिची सासू एकमेकींचे फोटो काढत होत्या, आणि गावाहून आलेला म्हणावा असा एक गृहस्थ, टोपी हातात धरून, पुढच्याला विचारत होता, "हे पक्षीच ना नक्की?" कायदा अजून चालू आहे तर. रांग दहा पावलं सरकली. मी मोबाइल पाहिला, सव्वाचार झाले होते. अजून दहा पावलं. मग मी रांगेतून बाहेर आलो. मागच्या सासूबाईंनी लगेच माझी जागा घेतली.

परत आलो तेव्हा आईच्या बाकड्यावर एक तीन-चार वर्षांची मुलगी बसली होती, आई तिला कैलासपतीच्या फुलातली पिंड दाखवत होती, आणि मुलीची आई जरा लांब उभी राहून फोनवर कुणालातरी सांगत होती की तिसऱ्या फाटकाशी नाही, हत्तीपाशी ये. मुलगी गेली. फूल बरोबर घेऊन गेली.

"बघितलेस?" आईने विचारलं.

"गर्दी होती."

"किती वाजले?"

"साडेचार व्हायला आलेत."

"मग आहे अर्धा तास," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून तिने बाकड्यावर माझ्यापुरती जागा केली.